तंजावरचा ग्रंथमहाल आणि आपलें वाचनालय

(शिरूर व दौंड तालुक्यांच्या शिवेवरील भीमाकांठच्या एका गांवीं, वाचनालयाच्या वार्षिक सभेंत तेथील शाळामास्तरांनीं केलेलें भाषण.)



आजची सभा नुसत्या जमाखर्चाची नाहीं. आपल्या वाचनालयाची ही जुनी कौलारू इमारत मोकळी करून तींत गांवचें संग्रहालय मांडावें, अशी सूचना तरुण मंडळींनीं आणली आहे. मोट, पाभर, कोळपें, पखाल, जातें, उखळ, दोन तलवारी आणि ओढ्याकांठचे वीरगळ येथें मांडावयाचे. आणि पुस्तकें तूर्त पोत्यांत भरून शाळेच्या माळ्यावर ठेवावयाचीं. सूचना चांगल्या मनानें आली आहे. जीं पोरें मोबाईल सोडीत नाहींत म्हणून आपण त्यांना बोल लावतों, त्यांनींच घरोघर फिरून या जिनसा गोळा केल्या आहेत. तेव्हां संग्रहालयाला विरोध करावयास आम्ही उभे राहिलों नाहीं. आमचें भांडण 'तूर्त' या एका शब्दाशीं आहे.

पण सभेंत भांडण नको. त्यापेक्षां डोळ्यांनीं पाहिलेली एक गोष्ट सांगतों.

गेल्या उन्हाळी सुट्टींत आम्ही चार मास्तर दौंडाहून मद्रासच्या गाडीनें निघालों. मद्रासेस, म्हणजे आतांच्या चेन्नईस, गाडी बदलून तंजावरास उतरलों. आधीं तेथलें मोठें देऊळ पाहिलें. त्या देवळाच्या भिंतीवर १८०३ सालीं कोरलेला मराठी लेख आहे. भोसले घराण्याची सगळी हकीकत त्यांत आहे, आणि एवढा लांब मराठी शिलालेख दुसरा नाहीं असें जाणते लोक सांगतात. आपल्या गांवापासून इतक्या लांब, जेथें पाणी मागावयाचें तर खुणा कराव्या लागतात, तेथें दगडावर आपली भाषा भेटली. आम्ही बोटानें अक्षरें लावीत उभे राहिलों, तों मागच्या मंडळींनीं आम्हांस बाजूला सारलें.

दुसरे दिवशीं राजवाडा. त्याच आवारांत सरस्वती महाल ग्रंथालय आहे. गांवांत तंजावर म्हटलें कीं लोकांना सोनेरी चित्रें आठवतात किंवा नाचणारी बाहुली आठवते. आम्हांस आधीं आठवलें तें सुपें.

हंसूं नका. चौफुल्यावरून मोरगांवास जातांना वाटेंत जें सुपें लागतें, तेंच. पुणें आणि सुपें हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरींत होते. सुप्यास संभाजी मोहिते होते. त्यांची बहीण तुकाबाई शहाजीराजांस दिलेली. तिचे चिरंजीव व्यंकोजी, त्यांनाच एकोजी म्हणतात. त्यांनीं १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलें, आणि तें राज्य १८५५ पर्यंत त्यांच्या वंशांत राहिलें. म्हणजे तंजावरच्या राजांचें आजोळ आपल्या शेजारच्या तालुक्यांतलें. पाहुणे म्हणून आम्ही तेथें गेलों, पण अगदींच परके म्हणून गेलों नाहीं.

वाड्यांत पोथ्या भोसल्यांच्या आधींपासूनच, नायक राजांच्या वेळेपासून होत्या. पण आज जो ग्रंथसंग्रह आहे, तो मुख्यतः दुसऱ्या सरफोजीराजांनीं केलेला. त्यांचा जन्म १७७७ चा. लहानपणीं दत्तक आले, भाऊबंदकीनें गादी हुकली, श्वार्ट्झ नांवाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखालीं शिकले, आणि १७९८ त गादीवर बसले. बसले तों पुढल्याच वर्षीं कंपनी सरकारनें तह करून सगळा मुलूख आपल्या हातीं घेतला. राजांकडे किल्ला आणि वाडा उरला; वसुलाचा पांचवा हिस्सा आणि वर कांहीं नेमणूक मिळावयाची. ना फौज, ना न्यायनिवाडा, ना लढाई.

राज्य गेलेला राजा पैशाचें काय करतो, हें आपणांस दुसऱ्या बाजीरावांच्या चरित्रावरून ठाऊक आहे. बिठूरास वर्षाला आठ लाखांची पेन्शन होती. सरफोजींनीं पुस्तकें घेतलीं. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, हातास लागेल तें. पुस्तक आलें कीं त्यावर स्वतः सही करून तारीख घालावयाची, अशी त्यांची रीत. तीं सह्यांचीं पुस्तकें अजून तेथें आहेत. १८२० ते १८२२ च्या दरम्यान ते काशीयात्रेस गेले. यात्रेकरू गंगेचा गडू आणतो. यांनीं पोथ्या आणल्या, आणि काशीच्या घाटांचीं चित्रें काढवून आणलीं.

नुसता संग्रह करून ते थांबले असते तर आम्ही त्यांची एवढी वाखाणणी केली नसती. त्यांनीं वाड्यांत छापखाना घातला. देवनागरी खिळे करवून त्यावर १८०६ सालीं इसापाच्या गोष्टींचें मराठी पुस्तक छापलें. त्याचें नांव 'बालबोधमुक्तावलि'. त्या वेळीं पुण्यांत पेशवाई चालू होती. मराठी मुलांसाठीं छापलेलें हें पुस्तक पुण्यांत निघालें नाहीं, तंजावरांत निघालें. 'नवविद्याकलानिधि' नांवाची शाळा काढली. 'धन्वंतरी महाल' नांवाचा दवाखाना काढला, आणि त्यांत आजमावलेलीं औषधें तमिळ पद्यांत लिहवून ठेविलीं, म्हणजे तेथल्या वैद्यांस पाठ करतां यावीं. डोळ्यांच्या रोग्यांचीं टिपणें ठेविलीं, एकेकाच्या दुखऱ्या डोळ्याचें रंगीत चित्र काढवून. आमच्यांतले एक मास्तर मोतीबिंदूचे रोगी. ते हें ऐकून बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

येथवर राजांची थोरवी झाली. आतां दुसरी बाजू, जी मार्गदर्शक म्हणून आलेला माणूस सांगत नाहीं.

हा पैसा कोठला? वसुलाचा पांचवा हिस्सा म्हणजे कावेरीच्या खाचरांत गुडघाभर चिखलांत उभें राहून ज्यांनीं भात लावलें त्यांच्या घामाचा पांचवा हिस्सा. प्रत्येक ग्रंथाच्या पुठ्ठ्याला त्या चिखलाचा रंग आहे. आणि त्या लोकांच्या मुलांना ते ग्रंथ पाहावयास केव्हां मिळाले? राजे १८३२ त वारले. त्यांचे चिरंजीव १८५५ त औरस पुत्रावांचून वारले. कंपनीनें राज्य खालसा केलें. राण्यांचा दावा थेट विलायतेपर्यंत गेला; तो त्या हरल्या, पण खासगी मिळकत पुढें घराण्याकडे राहिली, आणि तींत हा ग्रंथसंग्रह. मधल्या काळांत बर्नेल नांवाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानें संस्कृत पोथ्यांची यादी केली, ती १८८० त छापून निघाली. यादी विलायतेंत वाचली गेली. सर्व लोकांसाठीं हें ग्रंथालय खुलें झालें तें १९१८ च्या ऑक्टोबरांत. घराण्यानें हक्क सोडला आणि निगेसाठीं वर एक लाख रुपये दिले, हें त्यांचें मोठेपण. पण हिशेब आपण करूं: राजांच्या मृत्यूपासून ८६ वर्षें. तीन पिढ्यांनीं भात लावलें, भरडलें आणि त्या दारावरून बाजारास गेल्या.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें घातलें होतें, कीं सरकारचा वसूल रयतेच्या कष्टाचा आणि त्यांतून होणारें शिक्षण मात्र वरच्यांच्या वांट्याचें. त्यांनीं तें इकडच्या शाळांविषयीं म्हटलें. पण तंजावरच्या दारांतही तें लागू होतें.

आतां आम्ही काय पाहिलें तें. ग्रंथालयाला लागूनच संग्रहालय केलें आहे, कारण हस्तलिखितें ठेवलेल्या कोठ्यांत येणाऱ्या-जाणाऱ्याला सोडतां येत नाहीं. तें बरोबरच आहे. ताडपत्राला दहा हात लागले तर अकराव्याच्या हातीं भुगा येईल. कांचेखालीं ताडपत्रें आहेत, जुने नकाशे आहेत, काशीचे घाट आहेत, चीन देशांतल्या शिक्षांचीं चित्रें आहेत. एका फ्रेंच चितार्‍याचीं चित्रें आहेत, त्यांत माणसाचा चेहरा आणि शेजारीं त्याच्यासारखा दिसणारा जनावराचा चेहरा: एक घुबडासारखा, एक बैलासारखा. तेथें एक शेतकरी कुटुंब होतें. बाप लुंगी गुडघ्यावर बांधून आला होता. त्यानें पोराला खांद्यावर घेतलें आणि तो घुबडासारखा माणूस दाखविला. पोर जें हंसलें, तें थांबेना. त्याची आई हंसली, पहारेकरी हंसला, आम्ही हंसलों. भाषा एकाचीही एकाला येत नव्हती.

संग्रहालय कशासाठीं, असें आम्हांस कोणीं विचारलें तर आम्ही त्या पोराचें हंसणें सांगूं. तें खोटें नाहीं. त्या कोठ्यांतल्या संस्कृत पोथ्यांनीं तें पोर हंसलें नसतें.

पण तेथेंच आम्हीं विचारलें, एकूण पोथ्या किती? पन्नास हजारांच्या जवळपास. बहुतेक संस्कृत. मराठी सुमारें तीन हजार, तमिळ त्याहून थोड्या जास्त. मोडी दप्तराचे शेकडो रुमाल निराळे. त्यांत वाड्याचा खर्च, दवाखान्याचा खर्च, धर्मशाळांतून जेवणारे किती, माळ्याला काय दिलें, असे रोजचे कागद. तंजावरच्या तमिळ विद्यापीठानें त्यांतल्या कांहींचा तमिळ तर्जुमा छापला आहे. बाकीचे रुमाल वाचक मिळण्याची वाट पाहत आहेत, कारण मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९८३ त त्या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान मिळाला. मान मिळाला म्हणून मोडी कोणाला आपोआप येत नाहीं. कांचेपुढें त्या दिवशीं रांग होती. वाचण्याच्या दालनांत आम्हीं डोकावलों तेव्हां चार माणसें मोजलीं, त्यांत दोन पंख्याखालीं वर्तमानपत्र वाचीत होतीं.

मोडीवरून एक घरची गोष्ट सांगणें भाग आहे. आमच्या आजोबांची एक सागवानी पेटी होती. तींत कागद. आमचे वडील आणि थोरले चुलते यांच्यांत विहिरीच्या पाळीवरून अकरा वर्षें तंटा चालला. कोर्टाच्या तारखांना दोघे एकाच एस्टींत बसून जात आणि एकमेकांशीं बोलत नसत. वकिलाला इकडून पैसे, तिकडून पैसे. पेटीला मात्र कोणीं हात लावला नाहीं, कारण कागद मोडींत. हात लावलाच तर आईनें, पावसाळ्यांत चूल पेटेना म्हणून दोन-चार वेळां. पुढें ट्रेनिंग कॉलेजांतल्या एका सोबत्याच्या ओळखीनें मोडी जाणणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनीं अर्ध्या तासांत वाटणीपत्र वाचून दाखविलें. पाळी आठ दिवसांची: पांच दिवस थोरल्या घराचे, तीन धाकट्याचे. आम्ही धाकटे. आम्ही अकरा वर्षें चार दिवस मागत होतों. चुलते खरें बोलत होते, आणि हें कळलें तेव्हां त्यांना वारून दोन वर्षें झालीं होतीं.

शाळांतून मोडी गेली ती १९५० च्या आसपास. तेव्हांपासून आपल्या प्रत्येकाच्या घरीं एक लहानसें तंजावर आहे: कागद आहे, मालक आहे, वाचक नाहीं. आणि आतां तरुण मंडळी म्हणतात कीं हे जुने कागद संग्रहालयांत कांचेखालीं लावूं. लावा. पण कांचेखालीं गेलेला कागद आपण वाचला असें माणसाला उगीच वाटतें. तो जुना आहे, पिवळा आहे, एवढेंच पाहून माणूस पुढें जातो.

आणखी एक गोष्ट, तंजावरहून निराळी. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. जन्म १८६३, मालेगांव तालुक्यांतल्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. दत्तक जाईपर्यंत अक्षरओळख नव्हती. त्यांनीं १८९३ त अमरेली भागांत आणि १९०६ त सगळ्या राज्यांत सक्तीचें मोफत शिक्षण केलें, आणि लगेच त्यांच्या ध्यानांत आलें कीं शाळा सोडल्यावर वाचावयास कांहीं नसेल तर पोर शिकलेलें विसरतें. म्हणून १९१० त बोर्डन नांवाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून गांवोगांव वाचनालयें काढलीं. जेथें वाचनालय नाहीं तेथें पुस्तकांच्या पेट्या पाठवावयाच्या. आगगाडीनें स्टेशनापर्यंत, तेथून बैलगाडीनें. तंजावरांत माणूस ग्रंथाकडे जातो, तोही परवानगी घेऊन. बडोद्यांत ग्रंथ बैलगाडींत बसून माणसाकडे गेला. आमच्या मतें सरफोजी अधिक विद्वान होते आणि सयाजीराव अधिक शहाणे होते. कोणाला हें पटलें नाहीं तर आम्ही वाद घालणार नाहीं.

संग्रहालयाच्या बाजूचेंही बोलतों, नाहींतर तरुण मंडळी म्हणतील मास्तरांनीं फसविलें. आपल्या शिरूर तालुक्यांत घोडनदीच्या कांठीं इनामगांव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून पुढें बारा-पंधरा वर्षें तेथें उत्खनन केलें. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० पर्यंत, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी, तेथें शेतकऱ्यांची वसाहत होती. सव्वाशेंवर घरें उघडीं झालीं. जव पिकवीत, गुरें पाळीत. पाण्यासाठीं बांध घातलेला आणि पाट काढलेला सांपडला. मधोमध पांच खोल्यांचें मोठें घर, बहुधा मुखियाचें, आणि त्याच्या शेजारीं धान्याचें कोठार. कुंभार, सोनार वगैरे कारागिरांचीं घरें मात्र वसाहतीच्या पश्चिमेच्या कडेला. कुंभारआळीचे आमचे मित्र समोर बसले आहेत, त्यांनीं हें नीट ऐकावें. तीन हजार वर्षांपूर्वींही कोठार कोणाच्या दाराशीं आणि चाक कोणत्या कडेला, हें मातींत लिहिलेलें सांपडतें. त्या उत्खननांतल्या वस्तु पुण्यास डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयांत आहेत. आपल्यापैकीं किती जणांनीं त्या पाहिल्या आहेत? हात वर करा. दोन. बरें.

म्हणून संग्रहालय हवें. त्यांत मोट हवी, पाभर हवी, आणि तलवारींपेक्षां त्या जरा पुढें मांडाव्या असें आमचें मत आहे. पण तें ज्या घरांत मांडावयाचें, तें घर कसें उभें राहिलें तेंही वडील मंडळींनीं सांगावें. आम्हीं ऐकलें आहे तें असें: वासे एकानें दिले, विटा कुंभारआळीनें फुकट भाजल्या, सुतारांनीं पंधरा दिवस अंगावर काम केलें, आणि दगड भीमेच्या पात्रांतून बैलगाड्यांनीं आला. येथें कोणा राजाची सही नाहीं. ही इमारत पुस्तकांसाठीं म्हणून मागितली आणि पुस्तकांसाठीं म्हणून लोकांनीं दिली. त्या पुस्तकांना पोत्यांत घालून माळ्यावर टाकावयाचें, आणि माळ्यावर उंदीर आणि वाळवी. दुसरें, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालीं जें अनुदान मिळतें तें चालू वाचनालयाला मिळतें, पोत्यांना मिळत नाहीं. आपला वर्ग शेवटचा, 'ड', रक्कम लहान. पण तेवढ्यावरच वर्तमानपत्रांचें बिल भागतें. हें चिटणीसांनीं आधींच सांगितलें असतें तर आम्हांस तंजावरपर्यंत जावें लागलें नसतें.

तर आमची उपसूचना अशी. पुढची पडवी आणि मधलें दालन संग्रहालयाला द्यावें. मागची खोली, जिला दोन खिडक्या आहेत, ती वाचनालयाची राहील. रोज संध्याकाळीं दोन तास उघडी, आणि संग्रहालय पाहावयास येणाऱ्याची वाट त्याच खोलींतून बाहेर पडेल. पोरें मोट पाहून निघतील तीं पुस्तकांच्या मधून निघतील. एखादें तेथें अडकलें तर अडकलें.

कागदांविषयीं. कोणाच्या मनांत भीति असेल कीं मोडी कागद बाहेर काढला, वाचला, आणि त्यांतून भावकीचा हक्क निघाला तर? ती भीति खोटी नाहीं. आमच्याच घरीं पांच आणि तीन निघाले. म्हणून नियम असा ठेवावा कीं कागद ज्याचा त्यालाच वाचून दाखवावयाचा, सभेंत नाहीं. कांचेखालीं लावावयाचा असेल तर मालकाच्या खुषीनें, तोही फोटो लावावा आणि मूळ कागद घरीं परत जावा. मोडी जाणणारे जे गृहस्थ आम्हांस भेटले होते, ते महिन्यांतून एक रविवार येण्यास कबूल झाले आहेत. पैसे घेत नाहींत. एस्टीचें भाडें आणि दुपारची भाकरी एवढें आपण पाहावयाचें. सातवीच्या पुढचीं जीं मुलेंमुली मोडी शिकूं म्हणतील त्यांना ते शिकवतील. सहा नांवें आलीं आहेत, त्यांत चार मुली.

पहिला रविवार येता. सकाळीं आठ वाजतां. कागद सुती फडक्यांत बांधून आणा, प्लास्टिकच्या पिशवींत नको, ओल धरते. उलगडूं नका, जसे असतील तसे आणा. चिकटपट्टी लावूं नका. सुतारआळीच्या मंडळींनीं मागच्या खोलीच्या डाव्या भिंतीचीं मापें काल घेतलीं आहेत. दोन कपाटें बसतात, तिसरें खिडकीला अडतें. तिसऱ्याचें काय करावयाचें तें आतां सभेनें ठरवावें.